सनदेच्या उंबरठ्यावरची फी

बोरी अरबसारख्या गावातून निघून यवतमाळच्या अमोलकचंद विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलापुढे पदवीनंतर खरा प्रश्न उभा राहतो, तो सनदेचा. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ नुसार नोंदणीची फी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. प्रत्यक्षात राज्योराज्यीच्या बार कौन्सिल १५ ते ४२ हजार रुपये घेत! ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा आकारणी बेकायदा ठरविली, त्याचे आम्ही स्वागत करतो. पूर्वी भरलेली रक्कम मात्र परत मिळणार नाही. अखिल भारतीय बार परीक्षेचा खर्च वेगळाच. ग्रामीण भागातील कनिष्ठ वकिलांना दरमहा किमान १५ हजार विद्यावेतन द्यावे, असे भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचविले. ती केवळ शिफारस आहे. तालुक्याच्या न्यायालयात ज्येष्ठांचीच मिळकत बेताची, तेथे ती पाळणार कोण?