जखम छोटी, कॅप्सूल कशाला?

कापूस वेचणीचे दिवस आले की संग्रामपूर तालुक्यात घरोघरी बोटं सोलवटतात. बोंडाची टोकं टोचतात, विळा लागतो, कबड्डीत गुडघा फुटतो. मग घरात उरलेली कॅप्सूल फोडून पावडर जखमेवर टाकायची. ‘लवकर सुकते ना!’

पण थांबा. आपल्या कातडीवर, नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू भलता चिवट. मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये आलं. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला दाद न देणारे जंतू सापडलेसुद्धा! विनाकारण अँटिबायोटिक वापरलं की कमजोर जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि तेच वाढतात. उद्या खरंच कातडीखाली पू धरला, तर तेच औषध फुकट जातं.

मग करायचं काय? आधी हात धुवा. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम धुवा, भोवती साबण लावा. स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवा, पट्टी बांधा, रोज बदला. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते तपासा. जखम खोल असेल, लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला, तर सरळ सरकारी दवाखाना गाठा.

आणि पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घेऊच नका. मेडिकलवाला देत असला तरी. आजीच्या ऑपरेशनला, घरातल्या बाळाच्या न्यूमोनियाला हीच औषधं लागणार आहेत. खरचटलेल्या गुडघ्यावर ती उधळू नका.