‘समानार्थी’ नावाची अंधश्रद्धा

परीक्षेचा हंगाम आला की इंग्रजी समानार्थी शब्दांच्या याद्यांना ऊत येतो. ‘आस्क’ म्हणजे ‘क्वेश्चन’ म्हणजे ‘इंटरोगेट’. एकाच्या जागी दुसरा ठेवा आणि गुण घ्या! आम्ही मराठीचे अध्यापक. इंग्रजीच्या प्रांतातली आमची लुडबुड काहींना रुचणार नाही. परंतु याच याद्यांवर वाढलेले विद्यार्थी पुढे आमच्या वर्गात भाषांतराला बसतात आणि त्याची किंमत मराठीला मोजावी लागते. म्हणून हा प्रपंच.

वस्तुतः हे तिन्ही शब्द तीन घरांतले. ‘आस्क’ जुन्या इंग्रजीतला. ‘क्वेश्चन’ १०६६च्या नॉर्मन विजयानंतर राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून आलेला. ‘इंटरोगेट’ लॅटिनमधून, विद्वानांच्या लेखणीतून उतरलेला. म्हणूनच आई मुलाला ‘आस्क’ करते, वकील साक्षीदाराला ‘क्वेश्चन’ करतो आणि पोलीस संशयिताला ‘इंटरोगेट’ करतात. विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यातले अंतर शब्दागणिक वाढत जाते. ते अंतर पुसून उरतो तो अर्थ कसला?

या याद्यांचे समर्थक पीटर मार्क रॉजेच्या ‘थिसॉरस’कडे बोट दाखवतात. १८५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात शब्द कल्पनांनुसार एकत्र मांडले आहेत, ते एकमेकांच्या जागी बसतात म्हणून नव्हे. शब्दाशब्दांतील भेद हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असून त्यात आपण शिरत नाही, असे रॉजेने प्रस्तावनेतच बजावले आहे. ज्याला शब्द ठाऊक आहे पण ऐनवेळी आठवत नाही, त्याच्यासाठीचे हे साधन आम्ही शब्द ठाऊकच नसलेल्याच्या हाती दिले.

परिणाम पाहा. ‘एन्व्ही’ आणि ‘जेलसी’ या दोहोंसाठी उत्तरपत्रिकेत एकच शब्द येतो: ‘मत्सर’. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळ नाही, ही सल म्हणजे ‘एन्व्ही’; आपले आहे ते दुसरा नेईल, ही धास्ती म्हणजे ‘जेलसी’. कॅशिओला मिळालेले पद इयागोला खुपते. ऑथेल्लोला डेस्डिमोना गमावण्याचे भय पोखरते. दोघांनाही ‘मत्सरी’ म्हटले की नाटकच हातून निसटते. ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांना हा भेद नेमका उमगला असावा. नवरा-बायकोंतल्या ‘जेलसी’वरच्या, मूळ मोलिएरच्या प्रहसनापर्यंत जाणाऱ्या कथानकाचे १९१६ साली त्यांनी संगीत नाटक केले, त्याचे नाव ‘संशयकल्लोळ’. ‘मत्सरकल्लोळ’ नव्हे!

‘खेड्यातल्या मुलांना आधी शब्द तर येऊ द्या, छटा मागाहून,’ असा युक्तिवाद हमखास होतो. तो दयाळू वाटतो. आहे मात्र अन्यायकारक. इंग्रजी बोलणाऱ्या घरातले मूल छटा कानानेच उचलते. ज्याला वर्गाखेरीज दुसरा आधार नाही, त्याला वर्गातही छटा नाकारायची? तोच विद्यार्थी मराठीत एकांत आणि एकाकीपणा यांची गल्लत कधी करत नाही. ही जाण त्याच्याजवळ आहेच. ‘सॉलिट्यूड’ आणि ‘लोनलीनेस’ यांच्यापर्यंत तिला नेणे, एवढेच आपले काम.

अशा याद्या आम्हीही फळ्यावर लिहिल्या आहेत. दोष झटकायचा नाही. परंतु यापुढे ‘समानार्थी शब्द लिहा’ हा प्रश्न काढून ‘येथे हाच शब्द का, दुसरा का नाही?’ असे विचारावे. उत्तरे तपासायला वेळ अधिक लागेल. तेवढ्याचसाठी तर आपली नेमणूक झाली आहे.