दोन टक्क्यांत हिंगोली कुठे आहे?

हिंगोली जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत मोबाइल कंपनीतर्फे दप्तरवाटप होतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. दप्तरं साठ, मुलं शंभरावर. नांदेडहून येणाऱ्या साहेबांना उशीर झाला, तोवर मुलं उन्हात रांगेत उभी. दप्तरावरचं कंपनीचं चिन्ह पहिलीतल्या मुलाच्या पाठीएवढं मोठं. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी ‘एहसान’ हा शब्द निदान चार वेळा वापरला. मी व्यासपीठावर होतो आणि टाळ्या वाजवल्या, हेही कबूल करतो. पण तो शब्द तेव्हापासून टोचतो आहे. एहसान कोणाचा, आणि कोणावर?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे. सरासरी नफा हजार कोटी असेल तर वीस कोटी. कोणती कामं चालतील याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे: शिक्षण, आरोग्य, कौशल्य प्रशिक्षण, पिण्याचं पाणी, स्त्रियांसाठी वसतिगृहं वगैरे. स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व यात धरता येत नाही, असं नियम स्पष्ट सांगतात. बोधचिन्हाचं दप्तर कुठल्या खात्यात मांडलं होतं, हे त्या दिवशी साहेबांना विचारायला हवं होतं. सुचलं नाही.

आपल्याला ही कल्पना अनोळखी वाटू नये. जकात अडीच टक्के, आणि ती देणाऱ्याची मेहरबानी नसते, घेणाऱ्याचा हक असतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. जकात कोणाला द्यायची त्याचे आठ प्रकारही ठरलेले आहेत. मोठा फरक असा की जकात साठलेल्या मालमत्तेवर असते आणि कंपनीचे दोन टक्के नफ्यावर. नफा नसेल तर देणंही नाही. व्होडाफोन आयडियाने २०१९-२० मध्ये ७३ हजार कोटींहून अधिक तोटा दाखवला. विलीनीकरणानंतर वर्षानुवर्षं तोटाच असल्यावर कायद्याने तिच्याकडून काही मागता येत नाही. आयडियाची जुनी जाहिरात आठवते? अभिषेक बच्चन मोबाइलवरून खेड्यातल्या मुलांची शाळा भरवतो ती? २००८ च्या सुमाराची. बारा वर्षांनी ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं सरकार म्हणालं, तेव्हा आपल्या घरांत काय झालं ते आपण पाहिलं. घरात फोन एक. अब्बूंना तो कामावर लागायचा, संध्याकाळी भाऊजान घ्यायचे, आणि नववीतली मुलगी रात्री साडेदहाला उरलेल्या बॅटरीवर धडा उघडायची. त्यातल्या काही जणी शाळा उघडल्यावर परतल्याच नाहीत. जाहिरात म्हणजे करार नव्हे, हे खरं. पण ज्या कंपन्या नफ्यात आहेत, त्यांच्याशी करार आहे, आणि तो कायद्याने केलेला आहे.

आता हिंगोलीकडे येतो. पैसे खर्च करताना कंपनीने आपण जिथे काम करतो त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं, असं कलम १३५ म्हणतं. साखर कारखान्याचा किंवा सिमेंट कंपनीचा स्थानिक भाग कळतो: जिथे धुरांडं, तिथलं गाव. मोबाइल कंपनीचा कुठला? मुख्यालय मुंबई-दिल्लीत आहे म्हणून तेवढाच का? तिचा टॉवर औंढ्यात आहे, सिम सेनगावात विकलं जातं, रिचार्ज वसमतच्या मोंढ्यात हळद विकून आलेल्या पैशातून होतं. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा हिंगोलीला वेगळा दर लावला नव्हता. वसुलीसाठी आपण स्थानिक असू, तर खर्चासाठीही आहोत. हे प्राधान्य सक्तीचं नाही, केवळ दिशादर्शक आहे, असा खुलासा कंपनी मंत्रालयाने २०२१ मध्ये केला आहे. म्हणून कोर्टात हा मुद्दा टिकणार नाही. मागणीत मात्र टिकतो, आणि आजवर तो कोणी मांडलेला मी ऐकलेला नाही.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. केंद्राने निवडलेल्या ९० अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार होते: बुलढाणा, वाशिम, परभणी आणि हिंगोली. पुढे २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी आली. तिच्यात नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि शेजारचा वाशिम आहे, हिंगोली नाही. कंपन्यांचे अधिकारी जागा निवडताना ही दुसरी यादी समोर ठेवतात, कारण सरकारच तसं सुचवतं. मागास म्हणून नोंद, पण पुरेसा मागास नाही! त्यात २०२२ मध्ये पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद झाली आणि मौलाना आझाद फेलोशिपही गेली. सरकारने हात काढला म्हणून कंपनीपुढे पसरायचा, असं मी म्हणत नाही. शिष्यवृत्ती नागरिक म्हणून मागायची आणि तिची लढाई वेगळी चालू ठेवायची. कंपनीचे दोन टक्के हा त्या लढाईचा बदला नव्हे.

मग कंपनीकडे काय मागायचं? फोनवाटप नको. आपल्या तालुक्यांच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्या पाहा. बहुतेक ठिकाणी आपलीच मुलं बसलेली दिसतील. दहावी सुटली की उस्तादच्या काउंटरवर दोन वर्षं बिनपगारी, मग हातात हुनर येतो, कागद येत नाही. डिस्प्ले बदलणारा मुलगा बोर्डवरचा आयसी बदलायला शिकतो तेव्हा त्याची कमाई बदलते, पण ते शिकायला त्याला औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावं लागतं. मोबाइल कंपनीने हिंगोलीत किंवा कळमनुरीत या कामाचं प्रमाणपत्र देणारं केंद्र चालवावं. दुसरी मागणी अभ्यासिकेची: इंटरनेट असलेली, रात्री नऊपर्यंत उघडी, आणि मुलींसाठी स्वतंत्र वेळ असलेली. दोन्ही गोष्टी सातव्या अनुसूचीत बसतात.

आता आपल्या बाजूचं, आणि ते गोड नाही. असा पैसा घ्यायला संस्था लागते. नोंदणीकृत ट्रस्ट किंवा सोसायटी, आयकराची १२ए आणि ८०जी मान्यता, कामाचा तीन वर्षांचा अनुभव, आणि २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्मची नोंद. कंपनीच्या दारापर्यंत गेलेल्या आपल्या दोन संस्थांची कागदपत्रं मी पाहिली. एकीचं लेखापरीक्षण चार वर्षं झालेलं नव्हतं. दुसरीच्या विश्वस्त मंडळात दोन मरहूम अजून विश्वस्त होते. कंपनीने नकार दिला तर आपण म्हणतो, आपलं नाव पाहून दिला. असंही होत असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते सिद्ध करायचं असेल तर आपली फाइल आधी स्वच्छ हवी. शिवाय कंपनीला आपल्या दोन टक्क्यांचा हिशोब प्रकल्पागणिक, राज्य आणि जिल्ह्याच्या नावासह जाहीर करावा लागतो. रमजानमध्ये गावोगाव गोळा होणाऱ्या अडीच टक्क्यांचा हिशोब आपल्यापैकी किती जण मशिदीच्या फलकावर लावतात?

हा अंक वाचणाऱ्यांनी पुढच्या पंधरा दिवसांत एवढं करावं. राष्ट्रीय सीएसआर पोर्टल उघडा, महाराष्ट्र निवडा आणि हिंगोलीचा आकडा मुंबई-पुण्याच्या आकड्याशेजारी लिहून काढा. मग तुमच्या फोनमध्ये ज्या कंपनीचं सिम आहे, तिचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या. त्यात सीएसआरचं स्वतंत्र परिशिष्ट असतं. कंपनीची समिती दर वर्षी कृती आराखडा संचालक मंडळापुढे ठेवते, म्हणून मागणी फेब्रुवारीच्या आत पोचली पाहिजे. एप्रिलमध्ये अर्ज नेणं म्हणजे इफ्तार उरकल्यावर दस्तरखान शोधणं. अर्जावर मोहल्ल्यातल्या दुकानदारांच्या, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या आणि गावातल्या बिगरमुस्लिम शेजाऱ्यांच्याही सह्या घ्या. अभ्यासिकेत त्यांचीही मुलं बसणार आहेत.

मसुदा आम्ही दोन्ही भाषांत तयार करतो आहोत. त्यात ‘कृपया’ असेल, ‘एहसान’ नसेल. दुरुस्ती केंद्राचा परिच्छेद मात्र कळमनुरीच्या एका टपरीवरच्या मुलाकडून लिहून घेतला आहे. कोणती यंत्रं लागतील याची यादी त्याला तोंडपाठ होती.