रद्दीच्या तराजूत

दिवाळीपूर्वी आठ दिवस घरोघर एक विधी होतो. पंचांगात मात्र त्याची नोंद नसते. माळा उतरवायचा, डबे घासायचे आणि रद्दीवाल्याला हाक मारायची. माझे आजचे भांडण त्या रद्दीवाल्याशी नाही. तो बिचारा नुसते वजन करतो. काय टाकायचे ते आपण ठरवतो.

भांडणाला निमित्त झाले ते असे. या पावसाळ्यात मी लागोपाठ तीन पुस्तके वाचली : विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. हे मी एका विद्वान स्नेह्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते हसून म्हणाले, “म्हणजे सगळे ललितेतरच की! साहित्य असे काही वाचले नाहीत वाटते?”

ललितेतर! काय पण नाव! ‘जे अमुक नाही ते’ एवढीच ज्याची ओळख. पंगतीला बोलवायचे खरे, पण पान मांडायचे ओटीवर.

आता हे ओटीवरचे पाहुणे कोण ते पाहा. गोडसे भटजी वरसईचे गरीब भिक्षुक. दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले, आणि बंडाच्या वणव्यात सापडून झाशीच्या वेढ्यात जाऊन पोहोचले. मोठ्या हौसेने निघालेला हा माणूस शेवटी घरी आणतो काय, तर आईबापांसाठी गंगेची कावड! हे त्यांनी पुष्कळ वर्षांनी लिहून काढले आणि ते छापून निघाले १९०७ साली.

लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. त्या नवऱ्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, संसार मोडला, पुढे पुन्हा जुळला. आणि ही बाई ते सारे अशा खेळकरपणे सांगते की हसता हसता आपले डोळे केव्हा भरले ते कळत नाही.

आणि बेबीताई? फलटणला त्यांचे लहानसे दुकान. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या गिऱ्हाइकांच्या अधूनमधून वाचीत. स्वतः लिहू लागल्या ते घरच्यांच्या नजरेआड, आणि कित्येक वर्षे ते लपवून ठेवले. पुस्तक झाले १९८६ साली. आपल्या वस्तीतल्या बायकांची उपासमार आणि सासुरवास त्यांनी त्यात मांडला, आणि घरातल्या पुरुषांनाही मोकळे सोडले नाही.

स्नेह्यांचा दुसरा आक्षेप असा, की आठवणींवर भरवसा काय ठेवायचा? माणूस विसरतो, मीठमसाला लावतो. मान्य. भटजींच्या तारखा इतिहासकारांनी खुशाल तपासाव्यात. पण वेढ्यातल्या माणसाच्या पोटातला गोळा कोणत्या दफ्तरात सापडणार? तो त्याने स्वतः सांगितला तरच आपल्याला कळणार.

वाचकहो, मी इतका चिडलो याचे कारण निराळे आहे. ते सांगायला जीभ रेटत नाही. पण सणाच्या दिवशी खोटे बोलू नये.

माझी आत्या तरुणपणीच विधवा झाली. पुण्यात एका पेठेत तिने चाळीस वर्षे खानावळ चालवली. हिशेबाची तिची एक मेणकापडी वही होती. जिऱ्या-मिऱ्याच्या आकड्यांमध्ये ती मधूनच दोन ओळी लिही. लहानपणी वाचलेले त्यातले एक पान मला आठवते. तारीख १२ जुलै १९६१. “धरण फुटले. नळ कोरडा. विहिरीच्या पाण्यावर स्वयंपाक. चाळीस पाने जास्त. पैसे मांडले नाहीत.”

पानशेतच्या पुरावर मी पुढे बरेच वाचले. पण ‘पैसे मांडले नाहीत’ हे तीन शब्द मला दुसरीकडे कोठे भेटले नाहीत.

आत्या गेली त्या वर्षीच्या दिवाळीत माळा मीच आवरला आणि ती वही माझ्याच हाताने तराजूत टाकली. जुने हिशेब, त्यात काय वाचायचे! आलेल्या पैशांत भर घालून मी एक गाजलेली कादंबरी आणली. तिचे नाव आज मला आठवत नाही.

तेव्हा माझ्या मनातही तो ओटीचा भेद होता. कल्पनेने रचलेले ते साहित्य आणि आत्याने भोगलेले ते किरकोळ! विद्वानांनी नुसता शब्द घडवला. त्यावर विश्वास ठेवून वही टाकली ती मी. एका फलटणकर बाईने रद्दीवर वाचन पोसून पुस्तक उभे केले, आणि मी पदवीधराने घरातल्या पुस्तकाची रद्दी केली.

कादंबऱ्यांशी माझे वैर नाही. हा अंक हातावेगळा झाला की मीही एखादी घेऊन पडेन. मागणे एवढेच, की यंदा माळ्यावरची वही टाकण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहा. आणि घरात आजी किंवा आत्या असेल, तर लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्या पूजतात तशी एक कोरी वही तिच्यासमोर ठेवा. तिला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे, नातवंडांनी लिहावे. फराळ संपतो चार दिवसांत. ही वही पुढच्या दिवाळीलाही घरात राहील.