परिचारिकेचा शीण आणि रुग्णाचा प्राण

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, रुग्णालयांतून परिचारिकांचे सत्कार होतात. मेणबत्त्या पेटतात, सेवाव्रताची शपथ घेतली जाते, कोणी मंत्री अथवा अधिष्ठाता त्यांना 'माउली' म्हणून गौरवितात, आणि हातातली गुलाबपुष्पे कोमेजण्यापूर्वीच या भगिनी आपापल्या वॉर्डात परततात. तेथे एकीच्या वाट्याला किती खाटा आहेत, हा प्रश्न समारंभात कोणी विचारीत नाही. २२ मार्च २०२० रोजी तर साऱ्या देशाने त्यांच्यासाठी थाळ्या वाजविल्या. थाळ्यांचा नाद विरला. खाटांचा हिशेब मात्र होता तसाच राहिला.

हाच हिशेब शास्त्रीय काटेकोरपणाने मांडण्याचे काम अमेरिकेतील एका विदुषीने केले आहे. लिंडा एकेन या मूळच्या प्रशिक्षित परिचारिका. पुढे त्यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात परिचर्येच्या संशोधनाचे केंद्र उभारले. परिचारिकेचे कामाच्या जागचे स्वास्थ्य, तिचे शिक्षण आणि रुग्णाचे जगणे-मरणे यांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न साधा, परंतु उत्तर सत्ताधाऱ्यांना आणि रुग्णालयांच्या मालकांना अडचणीचे ठरणारे होते.

पेन्सिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालये, १०,१८४ परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रुग्ण यांची माहिती तपासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका परिचारिकेवर एक रुग्ण अधिक सोपविला, की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. त्याच एका वाढीव रुग्णामागे परिचारिका शिणून, मनाने करपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, तर नोकरीविषयी असमाधान वाटण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढते. चार रुग्णांऐवजी आठ रुग्ण सांभाळावे लागले, तर मृत्यूची शक्यता ३१ टक्क्यांनी अधिक होते.

यात गूढ असे काही नाही. डॉक्टर फेरी मारून निघून जातात. रात्री दोन वाजता रुग्णाच्या नाडीचा वेग बदलला, श्वास जड झाला, लघवीचे प्रमाण घटले, हे ध्यानात येते ते पाळीवरील परिचारिकेच्या. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत पुष्कळदा टाळता येत नाही. परंतु ती वेळीच ओळखली तर रुग्ण वाचविता येतो. ओळखण्यासाठी खाटेजवळ जावे लागते, थांबावे लागते, पाहावे लागते. जिच्या दोन्ही हातांना उसंत नाही, तिने कितीही सेवाभाव बाळगला तरी एकाच वेळी दोन खाटांपाशी उभे राहणे तिला शक्य नाही.

या संशोधनाचा खरा धडा येथेच आहे. परिचारिकेचा शीण ही तिची वैयक्तिक दुर्बलता मानण्याची रीत सर्वत्र रूढ झाली आहे. मग त्यावर योगासनांचे शिबिर, ताणमुक्तीचे व्याख्यान, समुपदेशन असे उपाय योजले जातात. या गोष्टी वाईट नव्हेत. परंतु पाठीवर दोन मणांचे ओझे लादून हमालाला श्वसनाचे व्यायाम शिकविण्यातला हा प्रकार आहे. ओझे कोणी लादले, हे त्यात विचारले जात नाही. एकेन यांच्या २००२ च्या अभ्यासात शिणलेल्या व असमाधानी परिचारिकांपैकी ४३ टक्के वर्षभरात नोकरी सोडण्याच्या विचारात होत्या. न शिणलेल्या व समाधानी परिचारिकांत हे प्रमाण ११ टक्के होते. एक गेली की तिचे रुग्ण उरलेल्यांवर पडतात, आणि त्याही शिणतात. या चक्राला व्यायाम हे उत्तर नव्हे; रिक्त पदे भरणे हे उत्तर आहे.

शिक्षणाविषयीचा निष्कर्ष २००३ चा. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असेल, तेथे रुग्णमृत्यूची शक्यता ५ टक्क्यांनी कमी आढळली. केवळ अनुभवाची वर्षे मोजून हा फरक भरून निघत नव्हता. युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील ४,२२,७३० रुग्णांच्या अभ्यासाने २०१४ मध्ये दोन्ही निष्कर्षांना पुष्टी दिली. 'सिस्टरला काय, सुई टोचता आली की झाले' असे म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर होय. निरीक्षण आणि निर्णय हे बुद्धीचे काम आहे, आणि बुद्धीला शिक्षण लागते.

मात्र येथे सावध राहावयास हवे. पदवीचा आग्रह धरताना खेड्यापाड्यांतील गरीब घरच्या मुलींसाठी या व्यवसायाची दारे बंद होऊ लागली, तर ते शिक्षण नव्हे, नवी जातव्यवस्था होईल. भरमसाट शुल्क आकारणाऱ्या खाजगी महाविद्यालयांना हा निष्कर्ष जाहिरातीसारखा वापरता येईल. म्हणून जी आज पदविकेवर काम करते, तिला सेवेत राहून, पगारी रजेवर, सरकारी खर्चाने पुढे शिकता आले पाहिजे. शिक्षणाचा लाभ रुग्णाला मिळत असेल, तर त्याचा भार एकट्या परिचारिकेच्या बापाने का वाहावा?

संशोधन कपाटात राहिले असते, तर त्याचे मोल विद्वानांपुरते उरले असते. कॅलिफोर्नियातील परिचारिकांच्या संघटनेच्या दीर्घ लढ्यानंतर १९९९ मध्ये तेथे परिचारिकेमागे रुग्णांची कमाल संख्या ठरविणारा कायदा झाला. २००४ पासून तो अंमलात आला. सर्वसाधारण वॉर्डात प्रथम सहा, नंतर पाच रुग्ण अशी मर्यादा होती. २००४ च्या अखेरीस गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी पाचाची मर्यादा लांबणीवर टाकली. परिचारिका रस्त्यावर उतरल्या, न्यायालयातही गेल्या, आणि २००५ मध्ये जिंकल्या. पुढे २०१० मध्ये एकेन यांनी दाखवून दिले की, हेच प्रमाण न्यू जर्सीत असते तर तेथील शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १३.९ टक्क्यांनी आणि पेन्सिल्व्हेनियात १०.६ टक्क्यांनी कमी झाले असते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये २७ सरकारी रुग्णालयांत असे प्रमाण सक्तीचे केले, तेव्हा आधीची व नंतरची स्थिती इतर रुग्णालयांशी ताडून पाहता आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातही एकेन सहभागी होत्या. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचेही उत्तर याच अभ्यासात आहे: रुग्ण लवकर घरी गेल्याने व पुन्हा दाखल न झाल्याने वाचलेला पैसा हा नव्या परिचारिकांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. ही सारी रुग्णालये श्रीमंत देशांतील आहेत, त्यामुळे तेथील आकडे जसेच्या तसे येथे लागू करता येणार नाहीत. परंतु जेथे एका परिचारिकेवरील भार कितीतरी अधिक आहे, तेथे रुग्णाचा धोका कमी असेल, असे मानण्यास कोणता आधार आहे?

आपल्याकडे निकषांची उणीव नाही. अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेल्यानंतर, २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने अगदी लहान रुग्णालयांतही किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली. परंतु निकष म्हणजे कायदा नव्हे आणि शिफारस म्हणजे पगार नव्हे. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, त्या बाह्य कंपन्यांमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध. तेव्हाही 'रुग्णांना वेठीस धरले' ही नेहमीची ओरड झाली. रुग्णाला वेठीस धरते ती रिक्त पद न भरणारी फाईल, हे एकेन यांच्या संशोधनाने आकड्यांनिशी सिद्ध केले आहे.

म्हणून परिचारिकांचा लढा हा एका नोकरवर्गाचा पगारवाढीचा प्रश्न समजून कार्यकर्त्यांनी दूर उभे राहू नये. जिल्हा रुग्णालयात जाऊन एका पाळीला, एका वॉर्डात, किती रुग्ण आणि किती परिचारिका आहेत हे मोजावे. मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती हे माहितीच्या अधिकारात विचारावे. आणि तो आकडा गावच्या सभेत मांडावा. रुग्णाचे नातेवाईक रात्री तीन वाजता ज्या सिस्टरवर चिडतात, ती आणि ते एकाच बाजूला उभे आहेत, हे त्यांना समजले की पुढच्या १२ मे रोजी गुलाबपुष्पांबरोबर एक निवेदनही मंत्र्यांच्या हाती पडेल. त्यावर सह्या परिचारिकांच्या असतील, आणि त्यांच्या खाली रुग्णांच्या.