टिळकांनी वाट पाहिली
उंबऱ्याच्या आत (साप्ताहिक सदर)

ख्रिस्ती लग्नात इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचायला घेतला की पत्नीने पतीच्या अधीन असावं, या वाक्याला सगळं चर्च नवरीकडे बघतं. तिथून दोन-तीन ओळींवर नवऱ्यासाठी आज्ञा आहे आणि ती कितीतरी जड आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःचा जीव दिला, त्या मापाने बायकोवर प्रेम करायचं. तेव्हा नवरदेवाकडे कुणी वळूनही बघत नाही. अधीनतेचं वाक्य वरातीबरोबर घरी येतं, जीव देण्याचं वाक्य मात्र वेदीपाशीच राहतं. आमच्या घरांतली निम्मी अबोल दुखणी इथून सुरू होतात, असं माझं ठाम मत आहे.

नवऱ्याचं प्रेम कसं असतं, हे पाहायला मराठी ख्रिस्ती माणसाला फार लांब जावं लागत नाही. आपल्या नागपूरच्या इतवारी स्टेशनातून आजही राजनांदगावकडे गाड्या सुटतात. त्याच दिशेने १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथलाच एक कवी नोकरीसाठी निघाला होता. नारायण वामन टिळक. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांचं संस्कृत ग्रंथांचं काम चाले, 'ऋषी' नावाचं मासिकही ते काढत. राजनांदगाव संस्थानात जाताना गाडीतल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

घरी बायको होती. लक्ष्मीबाई. १८८०मध्ये लग्न झालं तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या. नवऱ्याने धर्म सोडला हे कळल्यावर त्यांच्यावर काय कोसळलं, ते 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी लिहून ठेवलं आहे, मी त्यात भर घालणार नाही. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नातलगांकडे राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपुरात. नवरा एकीकडे, त्या दुसरीकडे. अशी चारहून अधिक वर्षं गेली.

इथे एक गोष्ट आमच्या मंडळींत कधी बोलली जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. अशा नवऱ्यासाठी तेव्हा कायदा होता. १८६६चा, धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा. ख्रिस्ती झाल्यामुळे जोडीदाराने सलग सहा महिने टाकलं, तर कोर्टात जाता येई. कोर्ट आणखी वर्षभराची मुदत देई. तरीही जोडीदार आला नाही तर लग्न मोडून मिळे आणि दुसरं करायची मोकळीक मिळे. म्हणजे दोनेक वर्षांत टिळक मोकळे होऊन नवा संसार मांडू शकले असते. तिशी नुकतीच उलटलेला, नावाजलेला कवी. त्यांनी ती वाट धरली नाही. ते पत्रं लिहीत राहिले.

पुढचा भाग मला त्याहून मोठा वाटतो. लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्या आपल्या सोवळ्या-ओवळ्यासकट आल्या, आपलं अन्नपाणी वेगळं ठेवून राहिल्या. ज्या माणसाने धर्मासाठी घरदार, जात, नातीगोती सगळं सोडलं, त्याच्याच घरात त्याच्या हातचं न चालणारी चूल पेटत होती. विचार करा, नवऱ्याच्या अधिकाराचा किती सोपा हुकूम तिथे निघाला असता! वचनही तोंडपाठ होतं. टिळकांनी सक्ती केली नाही. तिच्या मनातला भेदाभेद तिच्या मनानेच गळून पडेपर्यंत ते थांबले. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन.

टिळक देवमाणूस होते असं मी म्हणत नाही, लक्ष्मीबाईंनीही तसं म्हटलेलं नाही. तापट, लहरी, हातातले पैसे दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे, न सांगता घरातून निघून जाणारे. घर कसं चालायचं ते तिने बघायचं. असा नवरा सोसायला सोपा नव्हता आणि त्या सोसण्याचं कौतुक करावं असंही मला वाटत नाही. पण याच माणसाने बायकोला अक्षरओळख करून दिली, तिच्या कवितेला जागा दिली, आणि तिने आपल्याला सुनावलेलं ऐकून घेतलं. त्यांचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' १९१९मध्ये त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिलं. पहिले काही अध्याय त्यांचे, पुढचे साठाहून अधिक लक्ष्मीबाईंनी लिहिले. नवऱ्याचं अपुरं वाक्य बायकोला पुढे नेता येतं, ते जवळीक असल्याशिवाय नाही.

आता आजच्या इतवारीत येतो. लोहा ओळीत एका ठोक दुकानात हिशेब लिहिणारा, आमच्याच मंडळीतला एक तरुण सभासद मध्यंतरी माझ्याकडे आला. बायको नर्स आहे, दुसरं बाळ चार महिन्यांचं. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग मान खाली घालून म्हणाला, "काका, ती जवळच येऊ देत नाही. म्हणते, मले फक्त झोप पाहिजे. वचनात तर लिहून आहे ना, की बायकोचा देह नवऱ्याचा म्हणून?"

लिहिलं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय. त्याच्या मोबाइलवर बायबल होतंच, मी म्हटलं, तेच वाक्य पूर्ण वाच. त्याने वाचलं. तसाच नवऱ्याच्या देहावरचा अधिकार बायकोचा आहे, असं तिथे त्याच दमात म्हटलं आहे. दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने, असंही आहे. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. "हे तर आम्हाला कोणी सांगतलंच नाही बावा," म्हणाला.

मग मी त्याला विचारलं, नऊला दुकानाचं शटर पडतं, तू घरी किती वाजता पोचतो? साडेदहा. मधला दीड तास पानठेल्यावर मित्रांसोबत. दिवसभर लोखंडाचा खडखडाट आणि शेठची बोलणी ऐकलेल्या माणसाला तो वेळ हवासा वाटतो, हे मला कळतं. पण त्याच दीड तासात त्याची बायको एक मूल मांडीवर, दुसरं पदराला, अशी भाकऱ्या थापत असते. आणि साडेदहाला येणाऱ्या माणसाने अकराला प्रेम मागायचं!

शरीराची जवळीक ही देवाने दिलेली चांगली गोष्ट आहे. आमच्यात ती एकतर पापासारखी लपवली जाते, नाहीतर हक्कासारखी वसूल केली जाते, दोन्हींत बाईचा जीव घुसमटतो. कायदाही बरीच वर्षं याच चष्म्यातून बघत होता. १८६९च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, किंवा टाकून दिल्याची दोन वर्षं, असं आणखी काही सिद्ध करावं लागे. ही विषमता संसदेने पुसली ती २००१ साली. कायद्याला जे कळायला १३२ वर्षं लागली, ते करिंथच्या मंडळीला पौलाने पहिल्या शतकातच लिहून पाठवलं होतं.

त्या तरुणाने पुढे काय केलं ते त्यानेच सांगितलं. शटर पडलं की सरळ घर. रात्री दहा ते दोन बाळ त्याच्याकडे, बायकोला सलग चार तास झोप. महिनाभर त्याने दुसरं काही मागितलं नाही. एका रात्री बाळ झोपल्यावर ती उठून बसली आणि आपल्या वॉर्डातली एक गोष्ट सांगू लागली, पहाटेपर्यंत सांगत राहिली. "लग्नाला सहा वर्षं झाली, एवढं ती कधी बोललीच नव्हती," हे सांगताना त्याचा आवाज भरून आला. त्यापुढचं मी विचारलं नाही.

आमच्या पाळकसाहेबांना आणि फादरमंडळींना माझी मागणी साधी आहे. लग्नाआधीच्या मार्गदर्शनात मुलगा-मुलीला एकत्र बसवता, ते बसवाच. पण एक बैठक फक्त मुलांची घ्या. तिथे इफिसकरांसचा तो भाग अधीनतेच्या वाक्यापासून नव्हे, नवऱ्याच्या आज्ञेपासून सुरू करा. करिंथकरांसचा सातवा अध्याय पुरता वाचा. देहाविषयी, थकव्याविषयी, बाळंतपणानंतरच्या महिन्यांविषयी मोकळं बोलायला एखाद्या डॉक्टर बाईंना बोलवा. लग्नाला वर्ष झालं की तोच वर्ग पुन्हा भरवा, आणि या खेपेला आधी बायकांना विचारा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, ते याच नागपुरात. एवढं मोठं ऐक्य जमवलेल्या शहराला नवरेमंडळींची एक बैठक जड जाऊ नये. येत्या आगमनकाळाआधी ती सुरू करा. जागेची अडचण असेल तर मला कळवा, इतवारीत जागा मी बघतो.

— इतवारीकर