मदतनिसाची उमेदवारी

“मुले सांभाळावयास शिकावे ते काय लागते?” असा प्रश्न देवस्थानच्या बैठकीत कोणी विचारला की आम्हांस प्रथम हसू येते व मग राग येतो. भटजींचा मुलगा पूजेस बसण्यापूर्वी वर्षानुवर्षे वडिलांच्या हाताखाली राबतो. आम्हीही ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी केल्यावाचून न्यायासनासमोर तोंड उघडले नाही. तीन वर्षांचे मूल तेवढे वाटेल त्या हाती सोपवावयाचे काय?

कोणी म्हणेल, बाईच्या जातीस हे उपजतच येते. आपले एक मूल सांभाळणे निराळे आणि आईचा पदर सोडू न देणारी वीस मुले निराळी. हाक मारूनही जे मूल वळत नाही ते हट्टी की बहिरे, हे पाहण्यास नजर तयार व्हावी लागते. गिजुभाई बधेका मूळचे आमच्याच धंद्यातले. वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढले आणि शिक्षकांच्या शिक्षणाचीही तितकीच काळजी वाहिली.

अंगणवाडीच्या मदतनिसास मिळते ते ‘मानधन’. हा शब्द ऐकावयास मोठा गोड! परंतु ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते ते वेतनच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले.

आमच्या अग्रशाळेतील बालवाडीत नव्या मुलीच्या हाती पहिल्या दिवशी केरसुणी दिली गेली. तिला सहा महिने अनुभवी बाईंच्या हाताखाली, सवेतन, ठेवावे असा ठराव आम्ही मांडणार आहोत. पालखीच्या नव्या मखमलीचा विषय त्यानंतर घ्यावा.